गाडीवर किती विसंबायचं, ते वहीत मोजून ठरवा

माझी मुलगी कॅनडात, ओटावाला असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीचा महापूर ओसरला, रस्ते सुरू झाले आणि महिनाअखेरीस ती शिकायला गेली. 14 सप्टेंबरला तिथं नवी लाइट रेल सुरू झाली. पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आण्णा, तुम्ही एवढी वर्षं स्टँडवर काढलीत. सांगा, मी घरातून किती वाजता निघू?"

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सांगली स्टँडवर एकतीस वर्षं गाड्या लावल्या, सोडल्या, नोंदवल्या. पण मी न बघितलेल्या गाडीबद्दल इथं विश्रामबागेत बसून काय सांगणार? त्या दिवशी एवढंच म्हणालो, "उद्या एक तास आधी नीघ, आणि परवापासून वही घाल." त्या वहीची पद्धत इथं लिहितो. पुण्यात स्वारगेटला उतरून पुढं मेट्रो धरणाऱ्यांनाही ती चालेल. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत आला, तेव्हापासून आपल्याकडची बरीच मंडळी एसटीतून उतरून खाली मेट्रोत जातात.

लाइट रेल म्हणजे ट्रामचीच पुढची पिढी. मुंबईची ट्राम 1964 मध्ये बंद झाली, ती आपल्या वडीलधाऱ्यांनी बघितलेली. ओटावाची गाडी त्याच घराण्यातली, फक्त तिला स्वतःचा वेगळा रूळमार्ग आहे. सुरुवातीची लांबी साडेबारा किलोमीटर आणि तेरा स्टेशनं, त्यातली मधली तीन भुयारात. गर्दीच्या वेळी पाच मिनिटांच्या आत एक गाडी, असं नियोजन.

वही कशी आखायची

शंभर पानी वही पुरते. एकच थांबा, एकच दिशा आणि रोजचा एकच तास धरा. सकाळी एक दिवस, संध्याकाळी दुसऱ्या दिवशी असं केलंत तर काहीच हाती लागणार नाही. सहा रकाने पाडा: तारीख, घरातून निघाल्याची वेळ, थांब्यावर पोचल्याची वेळ, गाडी आल्याची वेळ, उतरून कामाच्या दारात पोचल्याची वेळ, आणि शेवटी रुंद रकाना कारणाचा. असे कामाचे वीस दिवस भरा. घड्याळ रोज तेच वापरा. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तरी हरकत नाही, पण नोंद थांब्यावर उभं असतानाच करा. संध्याकाळी आठवून लिहिलेली वेळ मी कामावर असताना कधी धरली नाही आणि तुम्हीही धरू नका. माणूस उशीर विसरतो किंवा वाढवून लिहितो, दोन्ही मी बघितलंय.

वेळापत्रकाशी ताडायचं की नाही, हे गाडी किती वेळाने आहे त्यावर ठरतं. तासाला एक गाडी असेल तर छापील वेळ महत्त्वाची, कारण लोक ती बघूनच निघतात. पाच-दहा मिनिटांना एक असेल तर वेळापत्रक कुणी बघत नाही. तिथं दोन गाड्यांमधलं अंतर मोजायचं.

अंतराचा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण सगळी फसगत इथं होते.

समजा, तासात सहा गाड्या आल्या, बरोबर दहा-दहा मिनिटांनी. तुम्ही कधीही थांब्यावर आलात तरी सरासरी पाच मिनिटं थांबाल. आता समजा तासात सहाच गाड्या आल्या, पण जोडीजोडीनं: दोन मिनिटं, मग अठरा, परत दोन, परत अठरा. कागदावर हिशोब चोख, सहाच्या सहा फेऱ्या झाल्या, एकही रद्द नाही. पण साठातली चोपन्न मिनिटं त्या अठराच्या खड्ड्यातच गेली. म्हणजे दहातले नऊ प्रवासी त्या खड्ड्यात येतात आणि सरासरी नऊ मिनिटं थांबतात. उरलेल्या एकाला दोनाचं अंतर मिळतं, तो मिनिटभर थांबतो. सगळ्यांची मिळून सरासरी 8.2 मिनिटं. गाड्या तेवढ्याच, पण प्रवाशाचं थांबणं पाचावरून आठाच्या वर गेलं.

वहीतून हे काढायला एखादा दिवस पूर्ण तासभर थांब्यावर उभं राहा आणि प्रत्येक गाडीची वेळ टिपा. प्रत्येक अंतराचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, त्या बेरजेला सगळ्या अंतरांच्या बेरजेच्या दुपटीनं भागा. वरच्या उदाहरणात वर्गांची बेरीज 984, अंतरांची बेरीज 60, तिची दुप्पट 120, उत्तर 8.2. लंडनच्या बसवाल्यांकडेही या जातीचं माप आहे. जिथं बस वारंवार येते तिथं नियोजनापेक्षा जास्तीचं थांबणं किती झालं, ते मोजतात. मला हे माप फार आवडतं, कारण ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं आहे.

जोड्या का होतात, हे स्टँडवर उभा राहिलेला कुणीही सांगेल. पुढची गाडी जरा मागे पडली की तिच्या वाट्याला जास्त माणसं येतात. चढउताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते आणि मागची मोकळी गाडी येऊन तिला टेकते. रुळावर तर मागचीला पुढं काढता येत नाही.

सरासरीवर निघू नका

वीस दिवसांचे दारापासून दारापर्यंतचे वेळ लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहा. समजा, सतरा दिवस 36 मिनिटांच्या आसपास लागली, दोन दिवस 52 आणि एक दिवस 71. सरासरी निघते 39. त्या हिशोबानं घर सोडलंत तर वीसातल्या तीन दिवशी उशीर ठरलेला. म्हणून शेवटून दुसरा आकडा धरा: 52. नोकरीला, कॉलेजला तेवढं हाताशी ठेवून निघायचं. परीक्षा, मुलाखत, विमान असेल तर शेवटचाच आकडा धरा. वाईट दिवस अपवाद म्हणून वहीतून काढून टाकायचा मोह होतो. तो काढलात तर वही घालूच नका.

कारणाचा रकाना

उशीर किती, यापेक्षा उशीर कशानं झाला हे जास्त बोलतं. दारात अडकलेली पिशवी उद्या नसेल, पण चाकाचं बेअरिंग उद्याही तेच असणार.

ओटावाचं उदाहरण जाहीर आहे म्हणून देतो. सुरुवातीच्या आठवड्यांत दारांचा त्रास झाला. कुणी दार अडवून धरलं की बिघाड दाखवून अख्खी गाडी जागेवर थांबायची आणि मागच्या सगळ्या अडकायच्या. मग थंडी आली आणि रुळांचे सांधे बर्फानं अडू लागले. गाडी रूळ बदलते त्या सांध्याला तिथं हीटर लावावा लागतो, तो पुरेना. 8 ऑगस्ट 2021 ला आसाचं बेअरिंग निकामी होऊन गाडी रुळावरून उतरली. 19 सप्टेंबरला दुसरी उतरली, तेव्हा दुरुस्तीत बोल्ट नीट आवळले नव्हते असं निघालं. कुणाला इजा झाली नाही, पण मार्ग 54 दिवस बंद राहिला, 12 नोव्हेंबरपर्यंत. जानेवारी 2023 मध्ये पाऊस पडता पडता गोठला, वरच्या तारेवर बर्फ चढला आणि गाड्या पुन्हा काही दिवस थांबल्या.

म्हणून कारणांपुढं खूण करा: माणसाचं, हवेचं, यंत्राचं. हवेची खूण जास्त दिसली तर त्या ऋतूपुरता वेळ वाढवा. यंत्राची वरचेवर दिसली तर पर्याय पक्का करून ठेवा.

छापून आलेला टक्का वाचताना

"98 टक्के सेवा" असं वाचलंत की विचारा, कशाचे टक्के? बहुतेक ठिकाणी ठरलेल्या किलोमीटरपैकी किती धावले, ते मोजतात. डेपोत तोही हिशोब लागतोच, रद्द किलोमीटर मीही रोज लिहायचो. पण वर बघितलंत, सगळे किलोमीटर धावूनही थांब्यावरचा माणूस अठरा मिनिटं उभा राहू शकतो.

दुसरा प्रश्न, मोजपट्टी कधी ठरली? ओटावाचा मार्ग सुरू करण्याआधी बारा दिवसांची चाचणी होती. आधी निकष होता बारा दिवसांत सरासरी 98 टक्के. चाचणी चालू असतानाच तो बदलून बारापैकी नऊ दिवस 96 टक्के असा केला. पुढं तिथल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारनं न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल नोव्हेंबर 2022 मध्ये आला, 103 शिफारशींसह. निकष बदलल्याची गोष्ट नगरसेवकांपर्यंत पोचू दिली नव्हती, हे त्यात स्पष्ट आलं.

सांगलीकराला हे वेगळं समजवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पावसाळ्यात आपण रोज सकाळी तो आकडा विचारतो आणि त्यावर घरातलं सामान माडीवर चढवायचं की नाही ते ठरवतो. पाणी 44 वर आलेलं असताना कुणी धोक्याची खूण 48 वर नेली, तर नदीकाठच्या घरांचं काय होईल? गाडीचा टक्काही लोकांनी त्यावर विसंबायचा असतो.

पर्याय

पर्याय मार्ग एकदा स्वतः जाऊन बघा, त्यालाही लागलेला वेळ वहीत लिहा. नवी रेल्वे आली की जुन्या बस काढतात. ओटावात तीन आठवडेच दोन्ही शेजारी चालल्या, मग समांतर बसमार्ग बंद. रेल्वे थांबली की बदली बस सोडतात, पण ती कुठल्या कोपऱ्यावरून सुटते हे गोंधळात शोधायची वेळ येऊ नये. मुलीला मी पहिल्याच रविवारी ती जागा बघून यायला लावलं. घर ते तो कोपरा चालत नऊ मिनिटं, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिनं लिहून ठेवलंय.

एका फेरीवर थांबू नका. वीस दिवस ऑक्टोबरात आणि वीस दिवस जानेवारीत, असं दोनदा करा. आपल्याकडं जुलैत आणि डिसेंबरात. तक्रार करायची झाली तर "गाडी नेहमी उशिरा येते" असं लिहू नका. तारीख, थांबा, दिशा, दोन गाड्यांच्या वेळा, मधलं अंतर, एवढं एका पानावर मांडा आणि पोच घ्या. अशी नेमकी नोंद समोर आली की टेबलामागच्या माणसाला त्या दिवसाचं रजिस्टर उघडावंच लागतं. मी त्या टेबलामागं बसलेलो आहे.