हप्ता पाहून विमा निवडू नका

न्यू जर्सीत नोकरी गेली आणि कंपनीचा आरोग्य विमा सुटला, तर नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहू नका. ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’ या राज्याच्या संकेतस्थळावर ६० दिवसांत नवा विमा घेता येतो, एच-१बी व्हिसावाल्यांनाही. तिथे सगळ्यांची नजर स्वस्त ‘ब्राँझ’ योजनेवर जाते. थांबा! उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीपर्यंत असेल, तर डॉक्टर-औषधांचा खिशातला खर्च कमी करणारी केंद्राची सवलत फक्त तिच्या वरच्या ‘सिल्व्हर’ योजनेवर मिळते. आपला डॉक्टर त्या योजनेच्या यादीत आहे का, हे त्याच्या दवाखान्यातच फोन करून विचारा. याद्या अनेकदा जुन्या असतात. नवी नोकरी लागली की संकेतस्थळावरची उत्पन्नाची नोंद लगेच बदलून टाका, नाहीतर उत्पन्नानुसार हप्त्यात मिळालेली जादा सवलत कर भरताना परत द्यावी लागते.