डोळ्यांवरची काळी पट्टी पुरत नाही

अत्याचार सोसलेल्या मुलाचा फोटो छापायची वेळ येते, तेव्हा त्याची ओळख लपवायची असते शेजाऱ्यांपासून, वर्गातल्या पोरांपासून, नातेवाइकांपासून. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली तरी ही माणसं कानावरून, वेणीवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार नाव आणि फोटोच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा, परिसर यातलं काहीही उघड करता येत नाही. पालक ‘हो’ म्हणाले तरी नाही. परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड, किंवा दोन्ही.

म्हणून मुळात चेहरा टिपूच नका. मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि मागून फोटो घ्या. अगदी बाजूने घेतलेली काळी आकृतीसुद्धा नको, नाक-हनुवटीची रेषा ओळखीच्या माणसाला पुरते. मोबाइलवर खिडकीच्या उजेडावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह खाली ओढा आणि एचडीआर (अंधाऱ्या भागातलंही स्पष्ट दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद करा. तो चालू राहिला तर अंधार उजळतो आणि झाकलेलं सगळं वर येतं. गणवेशाचा बिल्ला, दप्तरावरचं नाव, हातावरचं गोंदण, मागची दुकानाची पाटी चौकटीत नको.

वय दाखवायचं असेल तर हात घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पंजाच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी खळ्या दिसतात, पंधराव्या वर्षी तिथे सांधे आणि शिरा दिसतात. हातात पेन्सिल किंवा स्टीलचा पेला द्या, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. फोन हाताला चिकटवू नका. जवळून पंजा मोठा येतो आणि वय वाढल्यासारखं वाटतं. दीड मीटर मागे जाऊन दोन पट झूम करा.

जुन्या फोटोत चेहरा झाकायचाच असेल तर पूर्ण डोकं गडद, अपारदर्शक चौकोनाने झाका. मोबाइलमधला हायलायटर पारदर्शक असतो. त्याचे चार थर दिले तरी ब्राइटनेस वाढवला की डोळे दिसतात. हलका ब्लरही तसाच फसवा. मग चौकोनाने झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा. मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली की तेही सोबत जातात.

फोटोखालची ओळ सगळ्यात शेवटी तपासा. ‘अमुक गावातली आठवीतली मुलगी’ असं लिहिलंत, तर त्या गावात आठवीचा एकच वर्ग असू शकतो. वय ठेवायचं असो वा नसो, गाव, इयत्ता आणि शाळा तिन्ही काढा.