बंधनांची चढाओढ मांडताना या चुका टाळा

इंदुरात एकाच रस्त्यावर 'स्टेशन', 'इस्टेशन' आणि 'टेशन' ही तिन्ही रूपे कानावर पडतात, आणि भाषाविज्ञानाचे नवे विद्यार्थी त्यांतले एक शुद्ध ठरवून उरलेली दोन निकालात काढतात. ॲलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की यांनी 1993 साली मांडलेल्या ऑप्टिमॅलिटी थिअरीत, म्हणजे भाषेतली बंधने मोडता येतात आणि त्यांच्या अग्रक्रमावरून रूप ठरते असे मानणाऱ्या सिद्धांतात, प्रश्नच वेगळा असतो. शब्दाच्या आरंभी व्यंजने जोडून येऊ नयेत, मूळ व्यंजन गाळू नये, नवा स्वर घालू नये, ही तिन्ही बंधने इथे एकदम पाळता येत नाहीत. मग बोलणारा कोणते सोडतो? 'इस्टेशन' म्हणणारा स्वर घालतो, 'टेशन' म्हणणारा 'स्' गाळतो, 'स्टेशन' म्हणणारा जोडव्यंजन चालवून घेतो. बंधने तीच, अग्रक्रम निराळा.

मोडलेले बंधन त्या भाषेत नाहीच असे समजणे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. गरजेवाचून प्रत्यय लावू नये हे बंधन 'मी मुलाला पाहिले' या वाक्यात मोडते. पण म्हणून ते मराठीत नाही असे म्हटले, तर 'मी झाड पाहिले' यात 'ला' का येत नाही, याचे उत्तर देता येणार नाही. माणूस कर्मस्थानी आला की त्याची खूण करावी, हे बंधन वरचढ असल्यामुळे पहिले तेवढ्यापुरते मागे सरते.

दुसरी चूक म्हणजे अडचणीचा पर्याय तक्त्यात, म्हणजे संभाव्य रूपे आणि त्यांनी मोडलेली बंधने शेजारी मांडून तुलना करतात त्या कोष्टकात, न घेणे. 'सटेशन' या रूपातही एकच स्वर वाढतो, मग हिंदी बोलणारे 'इस्टेशन' का म्हणतात? 'ग्लास'चा मात्र 'गिलास' होतो, 'इग्लास' होत नाही. म्हणजे 'स्' आणि त्यापुढचे 'ट', 'क' यांसारखे व्यंजन यांची जोडी फोडू नये, असे आणखी एक बंधन इथे काम करते, आणि 'सटेशन' मांडल्याखेरीज ते दिसतच नाही. पंजाबीत 'सटेशन' आढळते. तिथे हे बंधन खाली असते.

उल्लंघनांची बेरीजही करू नये: वरचे एक बंधन मोडणारे रूप, खालची कितीही बंधने मोडणाऱ्या रूपापुढे हरते. आणि तक्ता उच्चारांचा असावा, लेखनाचा नव्हे, कारण 'कापड' लिहिताना शेवटी दिसणारा 'अ' बोलताना नसतो आणि 'कापडाला' म्हणताना मधला 'अ'ही गळतो.