उत्क्रांतीवर बोलताना या चुका टाळा

पुण्यात गेली बरीच वर्षं मी शाळांत, सोसायट्यांत, ज्येष्ठ नागरिक संघांत उत्क्रांतीवर बोलतोय. विरोध करणाऱ्यांपेक्षा घाईने समर्थन करणाऱ्यांमुळेच हा विषय जास्त बिघडतो, असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात वाईट म्हणजे ते रांगेतलं चित्र. वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत जातं आणि शेवटी माणूस उभा. कोथरूडच्या एका कार्यक्रमात मीही ते पडद्यावर लावलं होतं. एका आजोबांनी विचारलं, "मग सिंहगडावरची माकडं अजून माकडंच कशी?" माझ्यासोबत नुकताच एम.एस्सी. झालेला एक मुलगा होता. तो फटकन म्हणाला, "आजोबा, एवढं तर शाळेत शिकवतात." आजोबांनी पिशवी उचलली आणि ते निघाले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण उठले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं. ते चित्र पाहून हाच प्रश्न पडायला हवा. आणि चित्र मी लावलं होतं.

आता मी फळ्यावर वंशावळ काढतो. तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांची नातवंडं, पण तुम्ही काही भावाच्या पोटी जन्मला नाहीत. चिंपांझीचे आणि आपले समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे. सिंहगडावरच्या माकडांशी नातं जुळवायला अडीच-तीन कोटी वर्षं मागे जावं लागतं. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असं २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी म्हटलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निवेदन काढलं. ते योग्यच झालं. पण शेजारच्या काकांना निवेदन देऊन चालत नाही, वंशावळच काढावी लागते.

दुसरी चूक, "गरज पडली म्हणून बदल झाला." अँटिबायोटिक आलं म्हणून जंतूंनी स्वतःला बदललं, असं शिकलेली माणसंही सर्रास बोलतात. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने जंतूंच्या वसाहतींवर मखमलीचं कापड दाबलं आणि तोच ठसा औषध घातलेल्या ताटल्यांवर उमटवला. प्रत्येक ताटलीत त्याच त्याच जागी जंतू तगले. मग मूळ ताटलीतल्या नेमक्या त्या जागेवरचे जंतू घेतले, तर औषध कधी न पाहिलेले ते जंतूही त्याला दाद देत नव्हते. बदल आधीच झालेला होता, औषधाने फक्त निवड केली. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर उदाहरण देऊच नये.

"थिअरी" म्हणू नका, लोकांना तो अंदाज वाटतो. आपला "सिद्धांत" हा शब्द चांगला आहे.

जाती आणि प्रजाती यांची सरमिसळ नको. पाठ्यपुस्तकात प्रजाती (जीनस) हा वरचा गट, जाती (स्पीशीज) त्याच्या आतला.

उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत होणारा बदल, हा बिघाडच असतो असं नाही. प्रत्येक बाळ साधारण ६० ते ७० नवी उत्परिवर्तनं घेऊन जन्मतं आणि बहुतेकांचा काही परिणामही होत नाही.

मासा, कासव, वराह अशी उत्क्रांतीची साखळी दाखवायला दशावताराचा आधार घेऊ नका. श्रद्धेलाही न्याय मिळत नाही आणि जीवशास्त्रालाही.

"नवी जाती होताना दाखवा" असं कोणी म्हटलं की नवशिके जीवाश्मांकडे धावतात. मी पिशवीतून दोन डब्या काढतो. एकीत लोकवन गव्हाच्या ओंब्या, दुसरीत खपलीच्या. तळहातावर चोळायला सांगतो. लोकवनचा कोंडा फुंकरीने उडतो, खपलीचं टरफल दाण्याला घट्ट धरून राहतं. खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, लोकवनमध्ये ४२. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी खपलीच्याच गोतातल्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. दोन्हीकडून निम्मी मिळून २१ झाली, त्यांच्या जोड्या जुळेनात. मग सगळीच दुप्पट झाली, ४२, आणि नवा गहू उभा राहिला. १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हाच संकर मुद्दाम घडवूनही पाहिला. सगळ्या जाती अशा झटक्यात होत नाहीत, बहुतेक वेळा एकमेकांपासून तुटलेले गट सावकाश वेगळे होत जातात, हेही लगेच सांगावं लागतं.

ओंब्या मात्र शेतकऱ्याकडूनच मागून घ्या. दुकानातली खपली टरफल काढूनच येते, मग चोळायला हातात काहीच उरत नाही.