लेझर बीमला आकार देताना या चुका टाळा

डोनट बीमचं (मधे काळोख असलेल्या लेझर बीमचं) कडं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसलं की बहुतेक जण आधी होलोग्रामची, म्हणजे बीमला आकार देणाऱ्या नक्षीची, फाईल उघडतात. बिघाड सहसा तिथे नसतो. स्पायरल फेज प्लेट (गोल चढत जाऊन पायरीवर संपणारी काच) असो, ॲक्सिकॉन (शंकूच्या आकाराचं भिंग) असो की एसएलएम (पिक्सेलगणिक प्रकाशाला आकार देणारा लिक्विड क्रिस्टलचा पडदा), आत जसा बीम येईल त्यालाच ते वळण देतात. म्हणून लेझर अर्धा तास तापू द्या, मधलं सगळं काढा आणि नुसता बीम कॅमेऱ्यावर पाहा. तोच लांबुळका किंवा डागाळलेला असेल, तर आधी तो सुधारा.

बीम ठीक असूनही कडं एकीकडे जाड राहिलं, तर प्लेटचं केंद्र बीमच्या केंद्रावर बसलेलं नाही. प्लेट एक्स-वाय माउंटवर ठेवून किंचित किंचित सरकवा. एसएलएम असेल तर आरशांना हात लावू नका, पडद्यावरचा होलोग्रामच काही पिक्सेल हलवा.

कड्यात खाच पडणं हा वेगळा दोष, तो तरंगलांबीचा. ६३३ नॅनोमीटरसाठीच्या फ्यूज्ड सिलिका प्लेटची पायरी साधारण १३८५ नॅनोमीटर उंच असते. तीच प्लेट ५३२ नॅनोमीटरवर लावली, की एका फेरीत फेज (प्रकाशलहरीची चढउतारातली स्थिती) एका चक्राऐवजी सुमारे १.२ चक्रं बदलते. टोकं जुळत नाहीत आणि कडं तिथेच तुटतं.

एसएलएमवर सर्वाधिक छळतो तो मधोमध उरलेला ठळक ठिपका. हा न वळलेला प्रकाश. हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा बदलणारी) फिरवून ध्रुवीकरण लिक्विड क्रिस्टलच्या अक्षाशी जुळवा, आणि कॅलिब्रेशन तुमच्याच तरंगलांबीचं आहे ना, हे पाहा. एवढं करूनही थोडा ठिपका उरतोच, कारण पिक्सेलमधल्या फटींवर होलोग्रामचं काही चालत नाही. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे होलोग्राममध्ये ब्लेझ्ड ग्रेटिंग (बीम एका बाजूला वळवणारी करवतीसारखी नक्षी) मिसळणं. पिक्सेल ८ मायक्रॉनचा आणि ग्रेटिंगची एक आवृत्ती १० पिक्सेलची असेल, तर ६३३ नॅनोमीटरचा बीम ३०० मिमीच्या भिंगाच्या फोकसवर ठिपक्यापासून सुमारे २.४ मिमी बाजूला जातो. तिथे आयरिस (लहानमोठं करता येणारं छिद्र) लावून हवा तो भाग पुढे सोडा. अडवलेला प्रकाश बीम डंपवरच (प्रकाश शोषून घेणाऱ्या साधनावरच) पडू द्या, आणि जुळवाजुळव करताना पॉवर कमी ठेवून त्या तरंगलांबीचा चष्मा घाला.

ॲक्सिकॉनमध्ये अंतर चुकतं. १ अंशाचा, १.५ अपवर्तनांकाचा ॲक्सिकॉन आणि ५ मिमी त्रिज्येचा बीम घेतला, तर बेसेल बीम (मधला ठिपका न पसरता पुढे जाणारा बीम) जेमतेम ५७० मिमीपर्यंत टिकतो. त्यापलीकडे कॅमेरा ठेवाल तर नुसतं कडं दिसेल.

दोन भिंगांच्या टॉप-हॅट शेपरमध्ये (सपाट माथ्याचा बीम बनवणाऱ्या साधनात) मधे फुगवटा आला, तर आत जाणारा बीम लहान आहे. कडा उचलल्या, तर मोठा आहे. बीम एक्सपांडरने व्यास जुळवा. पण त्याआधी कॅमेरा तपासा: ८-बिट कॅमेरा २५५ या कमाल मूल्यावर अडकला, की साधा गॉसियन (मधे तेजस्वी, कडेला मंद होत जाणारा) बीमही सपाट माथ्याचा दिसतो. एनडी फिल्टर (प्रकाश मंद करणारी काच) लावून सर्वोच्च मूल्य २०० च्या आसपास आणा आणि मगच तो आलेख खरा माना.