कालका-शिमल्याच्या रेल मोटरमध्ये बसायचंय? मुंबईकरांनी असं करा

टॉय ट्रेन आपल्या सगळ्यांना माहितीये, पण रेल मोटर म्हटलं की लोक विचारतात हे काय नवीन. नवीन नाहीये हो, 1927 पासून आहे. एसटीची छोटी गाडी रुळावर ठेवलीय असं समजा, वेगळं इंजिन जोडलेलं नाही, इंजिन, ड्रायव्हर, प्रवासी सगळे एकाच डब्यात. आधी पेट्रोलवर चालायची, नंतर डिझेलवर आणली.

तिकीट आयआरसीटीसीवर कालका (डोंगराच्या पायथ्याचं स्टेशन) ते शिमला टाकून मिळतं, पण सीटा मोजून पंधरा-वीसच्या आत, त्यामुळे 60 दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळीच बसा, आणि मुंबई-दिल्लीचं तिकीट त्यानंतरच काढा. उलटं केलंत तर पस्तावाल.

गाडी पहाटे सुटते. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने थेट पहाटे कालका गाठायचा बेत हिवाळ्यात करूच नका, धुक्यात गाडी लेट झाली की रेल मोटर गेली. आदल्या दिवशी पोचून कालक्यातच झोपा. मोठ्या बॅगा नकोत, ठेवायला जागाच नाही, एकेक सॅक पुरे. आणि स्वेटर सॅकच्या तळाशी नको, हाताशी ठेवा, कालका 656 मीटरवर आणि शिमला दोन हजारांच्या वर, फरक अंगाला कळतो.

आता महत्त्वाचं. खिडकीसाठी भांडू नका, दरी कधी या बाजूला कधी त्या, 900 च्या वर वळणं आहेत. पुढची सीट मिळाली तर सोडू नका. मी पुढे बसलो होतो, मोबाइल खिशात टाकला आणि फक्त ड्रायव्हरकडे बघत राहिलो. चढ आला की इंजिनाचा आवाज आधी जड होतो, मग ड्रायव्हरचा हात हलतो, सारखं तेच. स्टेशनात टोकनची रिंग हातात घेतो, पुढच्या सेक्शनची परवानगी म्हणजे ती रिंग. इतक्या जवळून हे आपल्याला लोकलमध्ये कधी दिसणार?

बडोगचा बोगदा 1143 मीटरचा, या लाइनवरचा सगळ्यात लांब, आणि सरळ आहे. आत गप्पा बंद करा. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, समोर उजेडाचा ठिपका हळूहळू मोठा होत जातो आणि बाहेर पडलात की लगेच बडोग स्टेशन. नंतर कनोहजवळ चार मजली कमानींचा पूल लागतो, तिथे मात्र फोटो काढाच.

पावसाळ्यात जाऊ नका. 2023 च्या ऑगस्टमध्ये शिमल्याजवळच्या समर हिलला रुळांखालची जमीनच वाहून गेली होती, लाइन कित्येक आठवडे बंद होती. आपल्या माथेरानचं पण तसंच, पावसात नेरळहून गाडी नसते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल.

सीट नाहीच मिळाली तर शिमल्याला साध्या टॉय ट्रेनने जा, आणि रजाच नसेल तर कर्जत लोकल पकडून नेरळला उतरा. तिथे रेल मोटर नाही, पण 1907 ची दोन फुटी लाइन (दोन रुळांमधलं अंतर दोन फूट) आहे, डिझेल इंजिन आहे. पहिल्या डब्यात बसा, चढावर त्याचा आवाज ऐकू येतो.