मोटारसायकलवर एका दिवसात तोरणमाळ: निघावं कधी, फिरावं कसं, उतरावं कधी

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. पण यशवंत तलावावर दोन फोटो काढायचे, चहा प्यायचा आणि गाडी फिरवायची, असंच बहुतेकांचं होतं. सातपुड्याचा हा माथा नीट पाहायचा असेल तर आधी घाट किती वाजता उतरायचा ते ठरवा आणि मग तिथून उलटं मोजत दिवस आखा.

थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. डोंगराआडच्या वळणांवर अंधार त्याच्याही आधी येतो. म्हणून दुपारी चारला वरून निघायचंच. शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५० ते ५५ किलोमीटर आहे, पण रमतगमत जायला दोन तास हाताशी ठेवा. उजाडताच निघालात तर नऊच्या आसपास वर पोहोचाल आणि फिरायला सहा-सात तास मिळतील. धुळे-जळगावकडच्यांनी आदल्या रात्री शहाद्यातच मुक्काम करावा. धुळ्याहून दोंडाईचा-सारंगखेडा मार्गे येणार असाल तर दत्तजयंतीच्या दिवसांत सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची गर्दी लक्षात घ्या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण धुकं, वाहून आलेली माती आणि निसरडा रस्ता पाहता पहिल्यांदा जाणाऱ्याने तो मोह टाळावा. मे महिन्यात वर गारवा मिळेल म्हणून निघणारेही असतात. शहादा आणि तोरणमाळ यांच्या उंचीत सुमारे हजार मीटरचा फरक आहे, म्हणजे तापमानात साधारण सहा अंशांचा. खाली ४३ असेल तर वरही ३७ असणार, आणि येता-जाता खालच्या झळा सोसाव्या लागतील त्या वेगळ्याच.

गाडी १०० सीसीची असली तरी चालते, पण ती तंदुरुस्त हवी. आदल्या दिवशी ब्रेक तपासून घ्या, चेन साफ करून तेल द्या, मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त भरा. टाकी शहाद्यातच फुल्ल करा. घाटात पंक्चरचं दुकान सापडेल या भरवशावर राहू नका, पंक्चरचं सामान आणि छोटा पंप डिकीत किंवा पिशवीत असू द्या. हेल्मेट दोघांनाही. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घरी परतीची वेळ आधीच सांगून ठेवा.

शहादा सोडून लोणखेडा, म्हसावदकडे लागलात की दोन्ही बाजूंना ऊस, केळी आणि पपईचे मळे. ऊसतोडीच्या हंगामात इथली खरी काळजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. पहाटेच्या धुरकट उजेडात उसाने लादलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि बाहेर आलेली उसाची टोकं तोंडाजवळ येईपर्यंत दिसत नाहीत. अशा वेळी ओव्हरटेकची घाई नको.

घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर घ्या, लागलाच तर पहिला. क्लच अर्धा दाबून गाडी रेटू नका, क्लच-प्लेटा जळतात आणि तो वास लगेच येतो. ‘सात पायरी’ म्हणतात त्या घाटातल्या वळणांवर आपली डावी बाजू सोडायची नाही, हॉर्न देत जायचं. समोरून माणसांनी भरलेली जीप वळण कापत येऊ शकते. मागे बसणाऱ्याने वळणावर गाडीबरोबर झुकावं, उलट बाजूला अंग टाकू नये. मध्ये मोकळी जागा मिळेल तिथे गाडी उभी करून खाली बघा. डोंगराच्या सोंडा एकामागे एक उतरत जातात आणि पलीकडे तापीचं खोरं पसरलेलं दिसतं. इंजिनलाही तेवढाच विसावा.

वर पोहोचल्यावर तलावापाशी रेंगाळण्याआधी सीताखाई पाहून घ्या, सकाळच्या उजेडात दरीची खोली कळते. मग गोरखनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, कमळ तलाव. दुपारी यशवंत तलावाकाठी जेवण. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा घरून बांधून न्या, थंड झाली तरी ती भाकरी गोड लागते. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. ती पाहायची नसेल तर ते दिवस टाळा.

या पाड्यांवर पावरा-भिल्ल समाजाची वस्ती आहे. रस्ता विचारताना गाडी बंद करून, उतरून विचारा, वडीलधाऱ्यांना ‘बाबा’ म्हणा. दारात बसलेल्या बायकांचे, पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणं चालू असेल तर लांबूनच जा, चाकाखाली येतं ते कुणाचं तरी उत्पन्न असतं.

उतरताना बरेच जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात किंवा चक्क बंद करतात. हे अजिबात करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पकड सोडतात. ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडे-थोडे मारा.

आणि काही कारणाने वरच अंधार पडला, तर घाट उतरू नका. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तिथे आहे. जाण्याआधीच तिथल्या खोल्यांची चौकशी करून ठेवा, आणि एक जाड स्वेटर पिशवीच्या तळाशी टाका. थंडीतल्या रात्री वर चांगलंच गारठायला होतं.